खर्डा : उंच ध्वज आणि तुटलेली रसद

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरमाथ्यावर एक दगडी, अष्टकोनी इमारत दिसते. तिला सगळे ‘चांदबीबी महाल’ म्हणतात. शाळेच्या सहली तिथेच जातात. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबी लढली खाली, शहरातल्या भुईकोट किल्ल्यात. १५९५-९६ साली अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि तिने तो वेढा परतवला. लोकांनी तिचं नाव नेऊन डोंगरावरच्या दुसऱ्याच्या कबरीला लावलं. याच चांदबीबीला पुढे १६०० मध्ये ‘मुघलांना फितूर झाली’ या आरोपावरून तिच्याच माणसांनी ठार मारलं, हे मात्र सहलीत सांगितलं जात नाही.

उंचावरच्या स्मारकाचं असंच असतं. ते लांबून सगळ्यांना दिसतं, पण आत कोण आहे आणि त्याचं काय झालं, हे लांबून दिसत नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या अभ्यासगटातली पंधरा-वीस पोरं-पोरी घेऊन मी आधी या डोंगरावर आणि मग जामखेडमार्गे खर्ड्याला गेले. खर्ड्यात निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. २०२१ च्या दसऱ्याला त्या किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा ‘स्वराज्य ध्वज’ उभा राहिला. गावात शिरण्याआधीच तो दिसायला लागतो. पोरांनी फोटो काढले. एकजण छाती पुढे काढून म्हणाला, “ताई, आपला शिदनाक महार इथंच लढला ना?” मी हो म्हणाले. मग मागून एका मुलीने हळूच विचारलं, “आणि नितीन आगे याच गावचा ना?”

फोटो काढणारे हात खाली आले.

त्या दोन प्रश्नांमधलं अंतर मोजण्यासाठी हा लेख लिहिते आहे. शिदनाकाचं नाव घेताना आपला आवाज चढतो आणि नितीनचं नाव घेताना खाली येतो. असं का होतं?

१७९५ ला इथं काय झालं?

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ मराठे आणि हैदराबादचा निजाम अली यांची लढाई झाली. चौथाईच्या थकबाकीवरून भांडण पेटलं होतं. तरुण पेशवा सवाई माधवराव, कारभारी नाना फडणवीस, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे एका बाजूला आले. निजामाकडे फ्रेंच सेनानी रेमंडने शिकवलेल्या पलटणी होत्या. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला.

शाळेच्या पुस्तकात ‘मराठ्यांचा शेवटचा मोठा एकत्रित विजय’ एवढंच येतं. पण हा विजय कसा मिळाला, ते नीट बघा. मैदानातल्या लढाईत फार मोठी कत्तल झाली नाही. निजाम घाबरून मागे सरला आणि खर्ड्याच्या या लहानशा किल्ल्यात जाऊन बसला. मराठ्यांनी वेढा घातला. आत माणसं फार आणि पाणी थोडं. दाणागोटा तुटला, पाणी तुटलं आणि दोनेक आठवड्यांत निजाम तहाला आला. दौलताबादच्या किल्ल्यासह मुलूख, तीन कोटी रुपये आणि आपला दिवाण मशीर-उल-मुल्क ओलीस, एवढं त्याला कबूल करावं लागलं.

म्हणजे खर्ड्याचा निकाल तलवारीने कमी आणि रसदीने जास्त लावला. आत कोंडलेल्याची रसद तोडली की तो शरण येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि या विजयाचं पुढे काय झालं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर गेल्या. त्यांचं जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यातलं, आणि आज जिल्ह्याला त्यांचंच नाव आहे. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून गेला. पुण्यात भाऊबंदकी पेटली आणि निजामाकडून मिळवलेलं बरंचसं सोडून द्यावं लागलं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. १८१८ ला पेशवाईच संपली. खर्डा ते कोरेगाव हे अंतर अवघं २३ वर्षांचं आहे. ध्वज उभारणाऱ्यांनी ही २३ वर्षंही सांगावीत. एका दिवसाची एकी आणि तेवीस वर्षांची पडझड, या दोन्ही मिळून इतिहास होतो.

पंगतीचं उत्तर

आता शिदनाक. चळवळीत आपण ही कथा पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. कळंबीचा इनामदार शिदनाक महार आपली माणसं घेऊन पटवर्धनांच्या फौजेतून खर्ड्याला आला. त्याचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंशेजारी लागला म्हणून वरच्या जातीच्या सरदारांनी तक्रार केली. प्रकरण पेशव्यांपर्यंत गेलं. तेव्हा हिरोजी पाटणकर नावाच्या जाणत्या सरदाराने निवाडा दिला की ही काही जेवणाची पंगत नाही, रणांगण आहे आणि इथे जात बघायची नसते, तलवार बघायची असते. तंबू जागेवरच राहिला. पुढे लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले, तेव्हा शिदनाकानेच त्यांचा जीव वाचवला, असं ही परंपरा सांगते.

ही कथा हल्ली दोन्हीकडून वापरली जाते. एक बाजू म्हणते, “बघा, तेव्हा जात नव्हती, सगळे एका झेंड्याखाली होते.” दुसरी बाजू म्हणजे आपण. आपण म्हणतो, “बघा, आमच्या तलवारीशिवाय यांचं पान हलत नव्हतं.”

मला दोघांनाही एकच विनंती करायची आहे. पाटणकरांचं उत्तर पुन्हा एकदा वाचा.

‘ही पंगत नाही.’ याचा अर्थ काय होतो? पंगत असती तर तक्रार बरोबर होती! जातीचा नियम चूक आहे, असं पाटणकर म्हणत नाहीत. तो नियम आज, इथे, लढाई संपेपर्यंत बाजूला ठेवा, एवढंच ते म्हणतात. मरायच्या जागी शिदनाक शेजारी चालेल, जेवायच्या जागी चालणार नाही. ही समता नव्हे. ही गरजेपुरती दिलेली सवलत आहे आणि गरज संपली की ती परत घेतली जाते. पेशवाईत अस्पृश्यांना रस्त्यावर कसं चालावं लागे, ते बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये लिहून ठेवलं आहे. खर्ड्याच्या रणांगणावरची सवलत पुण्याच्या रस्त्यावर चालत नव्हती.

तेव्हा ‘तेव्हा जात नव्हती’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. जात नव्हती, तर तंबूची तक्रार कशाची होती?

आपल्या शौर्याचं काय?

पहिल्या बाजूचा प्रतिवाद आपल्याला पाठ आहे. आपल्याच बाजूला प्रश्न विचारणं जास्त अवघड आहे, आणि म्हणूनच तो विचारते.

१ जानेवारीला आपण लाखोंनी पेरण्याच्या विजयस्तंभाला जातो. जायलाच हवं. २०१८ साली दगड खाऊनही आपण जात राहिलो, याचा मला अभिमान आहे. पण त्या आधीचे आठ दिवस मोबाइलवर जे फिरतं, ते बघा. ‘पाचशेंनी अठ्ठावीस हजार कापले.’ कंपनीची तुकडी सुमारे आठशेंची होती. तिच्यात महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमानही होते. पेशव्यांची फौज सुमारे २८ हजारांची असली, तरी कोरेगावात प्रत्यक्ष चालून गेले ते दोनेक हजार. स्तंभावर कंपनीच्या शिपायांची जी ४९ नावं कोरली आहेत, त्यातली २२ ‘नाक’ने संपणारी आहेत. हा आकडा लहान आहे का? ज्यांची सावलीही नको होती, त्यांची नावं दगडावर कोरली गेली, हे सत्यच एवढं मोठं आहे की त्याला फुगवण्याची गरज नाही. खोटा आकडा आपल्या खऱ्या आकड्याला दुबळा करतो.

आणि ती नावं इंग्रजांनी आपल्या प्रेमाखातर कोरली नाहीत. स्तंभ त्यांच्या स्वतःच्या विजयाचा होता. काम संपल्यावर १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. म्हणजे पाटणकरांचंच उत्तर, फक्त इंग्रजीत. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गरज होती तेव्हा तंबू शेजारी, गरज संपली की गावकुसाबाहेर.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले ते कशासाठी? ‘आम्ही लढवय्यी जात आहोत’ असं मिरवायला नाही. जातीला जातीचा गर्व हे उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. त्यांच्या हातात तो स्तंभ पुरावा होता. आम्ही राज्याचं ओझं वाहिलं, मग आमचा हक्क कुठे आहे, हे विचारण्यासाठीचा पुरावा. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. स्तंभ ते तळं हा प्रवास आहे. आपण स्तंभापाशीच थांबलो तर तळं कोण गाठणार?

खर्ड्याचं तळं

खर्ड्याचं तळं म्हणजे नितीन आगे.

२८ एप्रिल २०१४. नितीन १७ वर्षांचा होता, खर्ड्यातच शिकत होता, मजुरी करणाऱ्या दलित घरातला मुलगा. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला दिवसाढवळ्या मारहाण झाली आणि नंतर त्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला, अशी फिर्याद होती. राज्यभर मोर्चे निघाले. मंत्री, पुढारी, कॅमेरे, सगळे येऊन गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. साक्षीदार एकामागून एक उलटले होते.

न्यायालयासमोर जे आलं, त्यावर न्यायालयाने निकाल दिला. मी इथे कुणाला गुन्हेगार म्हणत नाही. पण मुलगा मेला, हे तर कुणी नाकारत नाही ना? साडेतीन वर्षांनंतरचं उत्तर असं, की त्याला कुणीच मारलं नाही!

उलटलेल्या साक्षीदाराला मराठीत काय म्हणतात? वर्तमानपत्र उघडून बघा, ‘साक्षीदार फितूर’. हा शब्द किल्ल्यांच्या लढायांमधून आलेला आहे. दरवाजा आतून उघडणारा तो फितूर. आणि आपणही तो शब्द किती सहज वापरतो! ‘आपलेच लोक फितूर झाले, पैसे खाल्ले, घाबरले.’ चांदबीबीलाही तिच्याच माणसांनी हाच शब्द वापरून मारलं होतं.

मी तीन वर्षांपूर्वी एका अत्याचाराच्या खटल्यात एका बाईंबरोबर साक्षीला जात होते. गाव, तालुका सांगत नाही. बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायच्या. ज्याच्या शेतात जायच्या, तो आरोपींच्या भावकीतला. तारखेला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. सकाळी ११ ला हजर राहायचं, दुपारी ४ ला कळायचं की पुढची तारीख पडली. अशा सहा तारखा झाल्या. कोर्टाच्या बाहेर एकच बाकडं, आणि त्यावर समोरच्या पक्षाची दहा माणसं बसलेली. प्रवासभत्ता मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी अर्ज लिहिला, तर कार्यालयातल्या माणसाने विचारलं, “असा काही नियम आहे का?” चौथ्या तारखेनंतर गावातल्या दुकानदाराने बाईंना उधार किराणा देणं बंद केलं. पाचव्या तारखेनंतर खुरपणीचं बोलावणं आलं नाही. सहाव्या तारखेला त्या मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही संध्याकाळी नगरला जाता. मला रात्री गावात झोपायचंय.”

सातव्या तारखेला त्यांनी काय सांगितलं असेल, ते लिहायला नको. त्यांना फितूर म्हणायची माझी जीभ झाली नाही. त्यांनी दरवाजा उघडला नव्हता. त्यांची रसद तुटली होती. किराणा तुटला, काम तुटलं, पाणवठ्यावरचं बोलणं तुटलं. १७९५ मध्ये खर्ड्यात निजामासारखा राजा दोन आठवड्यांत शरण आला. मग ही एकटी बाई सात तारखा टिकली, हे शौर्य नाही का? खर्ड्याच्या लढाईचा खरा धडा मला त्या बाईंनी शिकवला.

रसद कायद्यात आहे, पोचत नाही

आपल्यातले कितीजण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १५अ वाचून आहेत? २०१५ च्या दुरुस्तीने ते आलं आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. पीडित, त्यांचे नातेवाईक आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव, हिंसा यांपासून वाचवण्याची जबाबदारी सरकारची आहे, असं ते स्पष्ट सांगतं. प्रवासखर्च, निर्वाहखर्च, गरज पडली तर पुनर्वसन, सगळं त्यात आहे. नियम ११ म्हणतो की साक्षीदाराला प्रवासभाडं आणि बुडालेल्या दिवसाची किमान मजुरी द्यायची, तीही लगेच किंवा फार तर तीन दिवसांत. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायलाच हवी. कलम १४ सांगतं की आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा. नितीनचा निकाल लागला, तेव्हा १५अ लागू होऊन दीड वर्षाहून जास्त काळ झाला होता आणि खुनाला साडेतीन वर्षं.

“कायदा काय कामाचा, साक्ष कुठेच टिकत नाही” असं म्हणणाऱ्यांनी सोनई आठवावी. नेवासे तालुका, १ जानेवारी २०१३. आपण कोरेगावला शौर्यदिन साजरा करत होतो, त्याच दिवशी मेहतर समाजातले तीन तरुण सोनईत निर्घृणपणे मारले गेले. तो खटला जिल्ह्याबाहेर नाशिकला चालला. विशेष सरकारी वकील होते. जानेवारी २०१८ मध्ये सहा जण दोषी ठरले. दोन खटल्यांत फरक अनेक असतात, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, हे मला कळतं. पण एवढं तर दिसतं की याच जिल्ह्यातला गुन्हा सिद्ध होऊ शकतो. अट एवढीच की पुरावा गोळा करणारे आणि मांडणारे खंबीर हवेत आणि खटला गावाच्या मुठीबाहेर हवा.

काहीजण म्हणतील, “लढाईच्या इतिहासात हा खून कशाला ओढता?” मी ओढलेला नाही. गाव तेच आहे. ज्या मातीचा अभिमान बाळगायचा, तिचा जाबही द्यावा लागतो. आपण बौद्ध आहोत. युद्धाचं स्मारक कसं असावं, हे आपल्या सम्राट अशोकाने दाखवून दिलं आहे. कलिंग जिंकल्यावर त्याने तेराव्या शिलालेखात आपल्या पराक्रमाचं वर्णन कोरलं नाही. किती मेले, किती देशोधडीला लागले, याचे आकडे कोरले आणि खाली पश्चात्ताप कोरला. जिंकलेला राजा स्वतःविरुद्ध साक्ष देतो आणि ती दगडावर लिहून ठेवतो! याला मी स्मारक म्हणते.

७४ मीटरच्या ध्वजाशी माझं भांडण नाही. तो राहू द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या ध्वजाच्या सावलीत साक्ष देणारा माणूस सुरक्षित नसेल, तर ती उंची कुणाच्या कामाची?

तेव्हा तरुण भावा-बहिणींनो, तीन कामं.

पहिलं, आपापल्या जिल्ह्याच्या दक्षता समितीच्या गेल्या दोन वर्षांतल्या बैठकांचे इतिवृत्तांत आणि साक्षीदारांना दिलेल्या भत्त्याचा तपशील माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. डीजेच्या वर्गणीतून हजार अर्ज निघतील.

दुसरं, प्रत्येक तालुक्यात पाच जणांचं साक्षीदार सोबत पथक करा. तारखेला साक्षीदाराबरोबर जायचं, शेजारी बसायचं आणि त्याच्याबरोबर परत गावात यायचं. संध्याकाळी शहरात परतणाऱ्या माझ्यासारख्यांचं हे काम नाही, गावात राहणाऱ्या तुमचं आहे. किराणा तुटला तर किराणा पोचवायचा. काम तुटलं तर काम शोधायचं. यालाच रसद म्हणतात.

तिसरं, १ जानेवारीला पेरण्याला जरूर जा. पण २८ एप्रिलला खर्ड्यालाही या. घोषणा नको, डीजे नको. मेणबत्ती लावू, त्रिसरण-पंचशील घेऊ आणि कलम १५अ मोठ्याने वाचू.

शिदनाकाला रणांगणावर तंबूची जागा मिळाली, कारण तलवारीची गरज होती. आपल्याला गरजेपुरती जागा नको. पंगतीतही हवी, पाणवठ्यावरही हवी आणि कोर्टाच्या त्या एकुलत्या एक बाकड्यावरही हवी. त्या बाकड्यावर आपली पाच माणसं आधी जाऊन बसली, तर सातव्या तारखेला कदाचित वेगळं काही ऐकायला मिळेल.

त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी खर्ड्यात दिलं नव्हतं. आता देते. हो, नितीन याच गावचा. आणि त्याची लढाई अजून संपलेली नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!